बाबांची फाइल फोनवर ठेवताय? ताईच्या फोनवर उघडून बघा

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरच्या कपाटातली ती जाडजूड फाइल फोनवर आणायला घ्या. वननोटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये, बाबांसाठी वेगळं नोटबुक काढा. तुमच्या नेहमीच्या नोटबुकातला एक सेक्शन देऊन भागवू नका, कारण शेअर होतं ते अख्खं नोटबुक. मग बाबांच्या रिपोर्टबरोबर तुमच्या भिशीचा हिशोबही सगळ्यांना दिसतो. ऑफिसच्या खात्यावर तर मुळीच नको. नोकरी सुटली की खातं गेलं.

सेक्शन चारच: औषधं, रिपोर्ट, विमा, फोन नंबर. रंग आणि टॅग लावत बसू नका.

औषधांचं पान टाइप करा. चिठ्ठीचा फोटो चिकटवून मोकळं होऊ नका. ते अक्षर कधी कधी केमिस्टलाही लागत नाही, सर्चला काय लागणार! नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, कोणत्या डॉक्टरांनी दिलं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर. भूलतज्ज्ञ ती विचारतातच. बंद करायची का आणि कधी, ते डॉक्टरच सांगतील, तुम्ही ठरवू नका.

आता शेअरिंग. लिंक पाठवली म्हणजे झालं, असं नाही. ताईचा फोन हातात घ्या आणि तिच्या फोनवर उघडून बघा. मागच्या वेळी हेच राहिलं होतं: निमंत्रण गेलं ताईच्या जुन्या ई-मेलवर, फोन चालू दुसऱ्याच खात्यावर, आणि अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर ती परवानगी मागणाऱ्या स्क्रीनकडे बघत उभी. मागे रांग. तुमच्या फोनवर उघडतं याला काही अर्थ नाही, ते तुमचंच आहे. तिच्या फोनवर उघडून बघा.

तेवढ्यावर थांबू नका. वायफायवर असताना तिच्या फोनवर प्रत्येक पान एकदा उघडा, प्रत्येक पीडीएफवर बोट ठेवा, मग एअरप्लेन मोड लावून तेच पुन्हा करा. एमआरआय बऱ्याचदा तळघरात असतो, तिथे रेंज मिळेलच असं नाही.

दादा परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलवर त्याला पान वाचून दाखवायला लावा. ‘हो, दिसतंय’ हे उत्तर चालणार नाही. तो जुन्या लॅपटॉपवर बघत असेल तर आणखी एक: ‘वननोट फॉर विंडोज १०’ या अ‍ॅपचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याला नवीन वननोट टाकायला सांगा.

ताईला लिहायची परवानगी, मामा-काकांना फक्त बघायची. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय नको. घरच्या ग्रुपवरून लिंक कुठे जाईल सांगता येत नाही. एटीएमचा पिन नोटबुकात नको. सेक्शनला पासवर्ड लावता येतो, पण विसरलात तर मायक्रोसॉफ्टही तो काढून देत नाही.

विम्याच्या पानावर पॉलिसी नंबर, टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेचं) कार्ड, आणि वेळा लिहायला मोकळी जागा. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय व्हायला हवा. हॉस्पिटलने अर्ज किती वाजता पाठवला हे लिहिलेलं नसेल तर भांडणार कशावर?

एमआरआयची सीडी अख्खी चढवू नका, रिपोर्टचं पान पुरे. नोटबुक साठतं त्या वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबीच, ती भरली की सिंक अडकतं.

आदल्या दिवशी: औषधांच्या पानाची प्रिंट बाबांच्या पिशवीत, आधार, चार्जर. आणि ताईच्या फोनवर पुन्हा एकदा. हो, पुन्हा. मधल्या काळात लॉगआउट झालेलं असू शकतं.

घरी आल्यावर नवी औषधं तारखेसकट, बंद झालेल्यांवर रेघ. टाके काढायची तारीख, फिजिओचा नंबर. मामा-काकांची परवानगी काढून टाका.