तळपायाचा काळा डाग: त्वचारोग विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

रेसिडेन्सीच्या सुरुवातीला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातली गोरी पाठ आणि तिच्यावरचा वेडावाकडा तीळ यायचा. आपल्या ओपीडीत तो असा क्वचितच दिसतो. आपल्याकडे तो बहुतेकदा तळपायाला, टाचेला, अंगठ्याच्या नखाखाली असतो, आणि रुग्ण सांगतो, "कुरूप झालंय" किंवा "काटा मोडला होता."

मी पाहिलेली पहिली रुग्ण म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या एक मावशी. टाचेवर काळा चट्टा, मधोमध न भरणारी जखम. कॉर्न कॅप लावण्यात कित्येक महिने गेलेले. स्पिरिटच्या बोळ्याने टाच पुसली. माती निघाली, चट्टा तसाच राहिला. संशय आला होता, तरी जखमेतून रक्त थांबणार नाही या धास्तीने मी पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला कातडीचा छोटा तुकडा) कडेवरून घेतली. रिपोर्ट आला: रंगपेशी थोड्या वाढलेल्या, निदान अनिश्चित. मॅडमनी एवढंच विचारलं, "सगळ्यात जाड भाग कुठे होता?" तिथून पुन्हा तुकडा घेतला आणि मेलॅनोमा निघाला. मधले दिवस माझ्यामुळे वाया गेले, हे अजूनही मनाला लागतं.

डाग लहान असेल तर कडेची १ ते ३ मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन पूर्ण काढा. मोठा असेल तर सर्वांत जाड भागातून, खाली चरबी लागेपर्यंत घ्या. वरवर खरवडू नका. पुढची शस्त्रक्रिया ब्रेस्लोच्या जाडीवर, म्हणजे मेलॅनोमा कातडीत किती खोल गेलाय या मापावर, ठरते. तुकड्याला तळच नसेल तर पॅथॉलॉजिस्ट मोजणार काय? फॉर्मवर 'तळपाय' असं स्पष्ट लिहा. तळव्यावरच्या साध्या तिळातही रंगपेशी वरच्या थरांत चढलेल्या दिसतात. जागा माहीत नसली तर निदान चुकू शकतं.

डर्मोस्कोपमधून (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून) तळव्याच्या रेषा नीट पाहा. घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके उंचवट्यांवर असतात. काळा रंगही त्याच उंचवट्यांवर पसरला असेल तर बायोप्सीचा विचार करा. चरांमध्ये असेल तर बहुधा साधा तीळ. साकळलेलं रक्तही उंचवट्यांवर दिसतं, पण ब्लेडने वरचा कडक थर हलके खरवडला की ते निघून येतं.

नखांवरच्या काळ्या पट्ट्या आपल्याकडे पुष्कळांना असतात, त्याही अनेक बोटांना. एकाच नखाची पट्टी रुंद होत असेल, रंग शेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर "दार लागलं होतं" या उत्तरावर थांबू नका. रक्त असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकतं. हे ताडून पाहायला मोबाइलने, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि महिन्याभराने पुन्हा दाखवायची तारीख स्वतः लिहून द्या.