समुद्रतळावर सेन्सर लावताय? या चुका टाळा

गॅस हायड्रेट असलेला समुद्रतळाचा उतार घसरतोय का, हे पाहायला तिथे सेन्सर लावतात. आलेख उसळला की उतार सरकला, असं मानायची घाई होते. पुष्कळदा हललेलं असतं ते उपकरण, किंवा नुसती ओहोटी लागलेली असते.

गॅस हायड्रेट म्हणजे थंडी आणि प्रचंड दाब यांमुळे पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेला मिथेन. 1 घनमीटर हायड्रेट फुटलं की, पृष्ठभागावरच्या दाबाला मोजल्यास, सुमारे 164 घनमीटर वायू मोकळा होतो. तो गाळातच कोंडला तर कणांमधला दाब वाढतो आणि गाळाची पकड सुटते. म्हणून सगळी भिस्त या दाबाच्या मोजणीवर असते, आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते.

पाणी 1 मीटर चढलं की तळावरचा दाब साधारण 10 किलोपास्कलने वाढतो. आपण शोधत असलेला जादा दाब याहून कमी असू शकतो. तेव्हा गाळातला आणि लगतच्या पाण्यातला दाब एकाच वेळी मोजा, फरक बघा. भरतीच्या तक्त्यावरून वजाबाकी करून भागत नाही, कारण गाळात बुडबुडे असतील तर भरतीचा दाब आत उशिरा आणि मंदावून पोहोचतो. हा उशीर बिघाड समजून पुसू नका. तिथे वायू असल्याची ती मोलाची खूण आहे.

मोजणीची सळई खुपसल्यानेही दाब आणि तापमान चढतं. चिकणमातीत ते उतरायला दिवस, कधी आठवडे जातात, तोवर थांबा. क्वार्ट्झ दाबमापक वर्षाकाठी काही सेंटिमीटर पाण्याइतका भरकटू शकतो आणि तळ खचतोय असा भास होतो. आतल्या हवेच्या दाबाशी स्वतःला ताडून पाहणारा मापक घ्या. कलमापकाचा, म्हणजे तळाचा झुकाव मोजणाऱ्या उपकरणाचा, एक पाय मऊ गाळात रुतला तरी उतार झुकल्यासारखा दिसतो, त्यामुळे एकट्या कलमापकावर विसंबू नका. उपकरणांतली घड्याळं, उपकरणं पाण्यात टाकताना आणि बाहेर काढताना, जीपीएसशी जुळवा.

जहाजाच्या एका फेरीत बुडबुडे दिसले नाहीत म्हणून जागा शांत ठरवू नका. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाजवळच्या क्लेयोक्वॉट उतारावर, सुमारे 1250 मीटर खोलीत, केबलने जोडलेल्या सोनारने (ध्वनिलहरींनी पाण्यातलं टिपणाऱ्या यंत्राने) महिनोन्‌महिने नजर ठेवली, तेव्हा कळलं की भरतीचा दाब उतरू लागला की बुडबुडे सुटतात.

हायड्रेट उपकरणावरही जमतं. मे 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीची गळती झाकायला सुमारे 1500 मीटर खाली नेलेल्या पोलादी घुमटात ते इतकं साचलं की वाट बुजली आणि घुमट तरंगायला लागला. वायू अडकेल अशी उपडी फनेल किंवा पोकळ चौकट बुडबुडे सुटतात त्या जागेवर ठेवू नका.

हायड्रेटचं प्रमाण केवळ विद्युतरोधावरून, म्हणजे गाळ विजेला किती अडवतो यावरून, काढणं हीही चूकच. भारताच्या 2006 च्या हायड्रेट शोधमोहिमेत समुद्राखालच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ते चिकणमातीच्या उभ्या भेगांत सापडलं. अशा हायड्रेटने भरलेल्या भेगांमुळे विद्युतरोध वाढतो आणि नेहमीच्या सूत्राने साठा फुगून दिसतो. तिथला दाब कायम राखून वर काढलेल्या गाभ्यांनी (गाळाच्या नळीसारख्या नमुन्यांनी) बरंच कमी प्रमाण दाखवलं.