सीबीसीत पांढऱ्या पेशी वाढल्यात? आधी गुणाकार करा

दसऱ्याच्या आसपास सेलूहून मामांचा फोन आला, आवाज एकदम खाली गेलेला. "पेशी वाढल्यात म्हणायलेत रे लॅबवाले." मी आधी विचारलं कोणत्या पेशी मामा, कारण आपल्याकडं डेंग्यूच्या सीझनपासून पेशी म्हणलं की सगळ्यांना प्लेटलेटच आठवतात. मामांच्या होत्या पांढऱ्या, १४,८००. तोवर मामेभाऊ मोबाईलवर शोधत शोधत ब्लड कॅन्सरपर्यंत जाऊन पोचला होता आणि मामीनं देव पाण्यात घातले होते.

तर असा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की पहिल्या आकड्यावर अडकू नका. टीएलसी किंवा डब्ल्यूबीसी लिहिलेलं असतं तो पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा, मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० चालतो. काही लॅब नुसतं १४.८ छापतात, तिथं हजार धरायचे. लहान लेकरं, नवजात बाळ आणि गरोदर बाई यांचा आकडा मुळातच जास्त असतो, त्यांना हे माप लावू नका.

खरी गंमत खालच्या टक्क्यांत असते, तिथं न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल असे पांढऱ्या पेशींचे प्रकार दिलेले असतात. मामांचे न्यूट्रोफिल ८२ आणि लिम्फोसाइट १४ टक्के, लिम्फोसाइटपुढं लॅबनं कमी म्हणून खूण केलेली, म्हणजे घरच्यांना दुसरं टेन्शन. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १४,८०० चे १४ टक्के काढा, २,०७२ येतात, आणि १,००० ते ३,००० च्या मधे म्हणजे नॉर्मलच की. न्यूट्रोफिल मात्र १२,१३६, ते साधारण ७,००० पर्यंत पाहिजेत, म्हणजे वाढलं ते हेच. उलटंही होतं बरं का. एकूण ९,२०० असेल तर कुणी बघतच नाही, पण इओसिनोफिल १४ टक्के असले तर ते १,२८८ होतात, आणि ते ५०० च्या आत पाहिजेत.

आता कोणती वाढली त्यावरून अंदाज. न्यूट्रोफिल वाढले तर बहुतेक वेळा बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, म्हणजे निमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, पू झालेली जखम, दाताचा गळू, अपेंडिक्स. पण भाजणं, ऑपरेशन, रोजची सिगारेट-बिडी, स्टेरॉइड यांनीही वाढतात. लिम्फोसाइट जास्त करून व्हायरसमुळं. इओसिनोफिल म्हणजे ॲलर्जी, दमा नाहीतर पोटातले जंत, आणि अनवाणी रानात फिरणाऱ्यांनी हे शेवटचं विसरू नये.

मग मागच्या पंधरा दिवसांत काय काय झालं ते आठवून कागदावर लिहा, ताप, जखम, औषध, इंजेक्शन, सगळं. मामांना ना ताप ना जखम. मी म्हणलं चिठ्ठीचा फोटो टाका. सोयाबीन काढताना कंबर धरली होती तेव्हा गावातल्या एका डॉक्टरनं "ताकदीचं" म्हणून इंजेक्शन दिलेलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीवर डेक्सामेथासोन अन् प्रेडनिसोलोन. दोन्ही स्टेरॉइड. रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या पेशी स्टेरॉइडनं सुटून रक्तात येतात आणि आकडा फुगतो. पण म्हणून चालू स्टेरॉइड आपल्या मनानं बंद करायचं नाही, आणि आकडा बघून मेडिकलवरून अँटिबायोटिक तर अजिबात आणायचं नाही.

थांबायचं कधी नाही तेही सांगतो. थंडी वाजून ताप, दम लागणं, बरळणं, लघवी कमी होणं, पोटात उजव्या बाजूला खाली जोरात दुखणं, यातलं काही असेल तर रिपोर्ट वाचत बसू नका, दवाखाना गाठा. आणि आकडा ५० हजार, लाखाच्या घरात असेल, किंवा सोबत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट पण घसरले असतील, स्मिअरमधे (काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती तपासणी) ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, लिहिलं असेल, वजन उतरायलंय, रात्री घाम येतो, मानेत-काखेत गाठी आहेत, डाव्या बरगडीखाली जड वाटतं, तर रक्ताच्या डॉक्टरला दाखवायला उशीर नको. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही.

मामांच्या फिजिशियननं चिठ्ठी बघितली, स्मिअर करून घेतला, तो साफ निघाला, आणि तीन आठवड्यांनी त्याच लॅबमधून परत सीबीसी करायला लावला. सीबीसीला उपाशीपोटी जायची गरज नसते, मामा तरी चहासुद्धा न पिता गेले. ८,९०० आला. साखर मात्र जरा वर निघाली, तिचं आता वेगळं बघायलेत.