निवृत्त स्फोटकशोधक कुत्रा सांभाळताना

ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे इथल्या मराठी घरांतही विचारणा होते: नोकरी संपलेला लॅब्राडोर सांभाळायचा कसा?

आधी त्याची सवय समजून घ्या. स्फोटकाचा वास लागला की तो भुंकत नाही, पंजाही मारत नाही. धक्क्याने स्फोट होऊ शकतो म्हणून गप्प बसतो. बसला की चेंडू मिळतो, हाच त्याचा पगार. फटाक्यांतली दारू त्याच्या ओळखीची. दिवाळीत खोक्यासमोर ठाण मांडून बसला तर रागावू नका, शाबासकी द्या आणि खोका दुसरीकडे ठेवा.

काम एकदम तोडू नका, बिचारा कासावीस होतो. रोज दोनदा १० मिनिटं चेंडू लपवून शोधायला लावा. त्यासाठीचा हुकूम हँडलरकडून, म्हणजे नोकरीत त्याला सांभाळणाऱ्या जवानाकडून, नेमका विचारून घ्या. शब्द बदलला की तो गोंधळतो.

धावपळ थांबते, वाटी मात्र तीच राहते. मग वजन वाढून सांधे धरतात. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, तिथे सतरंजी नको, ती सरकते. रबरी मॅट घाला. मे महिन्यात फिरणं सूर्योदयाआधीच. कांदा, मनुका, चॉकलेट बंद.

गोचिडी कानात आणि बोटांच्या बेचक्यात शोधा. हिरड्या फिकट दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.