नव्या कुत्र्याची रग जिरवू नका, त्याला निवू द्या

खारी आमच्याकडे आली तेव्हा साधारण नऊ महिन्यांची होती. गावठी जातीची, सडपातळ, आणि रंग बेकरीतल्या खारीचा, म्हणून हे नाव. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल, त्यात मी, नवरा आणि माझी आई. पहिल्याच संध्याकाळी खारी सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून आईच्या मांडीवर आणि तिथून थेट ओट्याशी पोचली. नंतरच्या आठवड्यात दोन चपला, एक चार्जर आणि जपमाळेचं गोमुख कामी आलं.

ज्याला त्याला विचारलं, त्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: ‘रग जिरवा तिची.’ मग आम्ही सकाळ-संध्याकाळ वेताळ टेकडी सुरू केली. पळवलं, चेंडू फेकले, पुन्हा पळवलं. महिन्याभरात खारीचा दम इतका वाढला की दोन तास पळूनही ती घरी येऊन पडदे ओढायची. माझा उजवा गुडघा मात्र कायमचा बोलायला लागला. शेवटी आमच्या डॉक्टरांना तिच्या संध्याकाळच्या धुमाकुळाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो अर्धाच पाहिला आणि विचारलं, ‘ही दुपारी झोपते कुठे?’ आम्हाला उत्तर देता येईना, कारण ती झोपतच नव्हती.

पुढे जे लिहिलंय ते त्या प्रश्नानंतर शिकलेलं आहे. ज्या क्रमाने आम्ही करायला हवं होतं, त्या क्रमाने मांडते.

कुत्रा यायच्या आधी

जमिनीपासून तीन फुटांपर्यंत जे काही आहे ते तोंडात जाणार असं धरून चाला. चपलांचं कपाट बंद, कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि उंचावर, वायरी सोफ्यामागे. औषधांची पाकिटं, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आणि उंदराचं औषध तर आधी हलवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण ही कुत्र्याला विषारी. नैवेद्याच्या शिऱ्यातही बेदाणे असतात हे आपल्या लक्षात येत नाही. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, तर थोडंसंही घातक ठरतं. बाल्कनीच्या गजांमधून डोकं बाहेर निघत असेल तर खाली जाळी ठोकून घ्या.

एक कोपरा त्याचा म्हणून ठरवा. येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला, पंख्याखालचा. जुनी गोधडी पुरते. महागडी गादी पहिल्या तीन महिन्यांत आणू नका, तिचा कापूस तुम्हालाच वेचावा लागेल.

पहिला आठवडा: पळून जाण्याची भीती खरी माना

नवा कुत्रा हरवतो तो बहुतेक याच दिवसांत. त्याला अजून घर माहीत नसतं, तुमचा आवाज ओळखीचा नसतो, आणि एखादा फटाका किंवा ट्रकचा हॉर्न पुरतो. म्हणून बाहेर जाताना गळ्यात पट्टा आणि अंगावर हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचे पट्टे), दोन्ही घाला आणि दोन्हींना दोरी बांधा. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला लावा. चावीवाले असे बिल्ले करून देतात. घराचं दार उघडण्याआधी कुत्रा कुठे आहे ते पाहायची सवय घरातल्या प्रत्येकाला लागली पाहिजे, दूधवाल्यासाठी दार उघडणाऱ्या आईलाही.

या आठवड्यात पाहुणे नकोत. सगळ्यांना ‘बघायला’ यायचं असतं, पण कुत्र्याच्या दृष्टीने तो अनोळखी माणसांचा मोर्चा असतो. कुत्रे पाळणाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भांबावलेला, तीन आठवड्यांत घराचा रिवाज कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. पुढेमागे होतं, पण घाई करणाऱ्याला आवर घालायला हा हिशेब बरा.

पहिल्या दिवशी जेवला नाही तर लगेच घाबरू नका. पाणीच पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील किंवा निपचित पडून असेल तर मात्र थांबू नका, विशेषतः पिल्लू असेल तर. आधी जे खात होता तेच काही दिवस द्या आणि नवं खाणं सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत न्या. कौतुकाने पहिल्याच दिवशी मटण खाऊ घातलं की रात्रभर जिना चढउतार करावी लागते.

डॉक्टर, याच आठवड्यात

अंगात ‘भूत’ असलेल्या कुत्र्याच्या अंगात कधी कधी नुसते जंत, गोचिड्या किंवा कानाचा संसर्ग असतो. खाज सुटलेला जीव स्वस्थ बसेल कसा? जंताचं औषध, गोचिडीचा बंदोबस्त आणि लसी यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. आधीच्या लसींची नोंद नसेल तर मोठ्या कुत्र्याला पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे विषाणूजन्य आजारांवरच्या एकत्रित लसीचे साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देतात. रेबीजची लस आपल्याकडे दर वर्षी. पावसाळ्यात गोचीड ताप खूप असतो, तेव्हा हिरड्या पांढुरक्या दिसणं, जेवण सुटणं, ताप याकडे लक्ष ठेवा. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागला म्हणून क्रोसिन देऊ नका. माणसांची तापाची, वेदनेची औषधं त्यांना मारक ठरू शकतात.

रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या कानाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे, ती त्याचीच खूण. आणि महापालिकेचा परवाना काढून टाका. लसीचं कार्ड लागतं.

झोप: इथेच सगळं अडतं

मोठा कुत्रा दिवसातले १२ ते १४ तास झोपतो, पिल्लू १८ ते २०. रस्त्यावरचे कुत्रे दुपारभर दुकानाच्या पायरीवर पसरलेले आपण रोज पाहतो, पण घरातला कुत्रा झोपला की आपल्याला वाटतं तो कंटाळलाय. मग आपण त्याला उठवतो, खेळवतो. बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, कोणीतरी उठून स्वयंपाकघरात जातं आणि कुत्रा मागोमाग. दिवसभरात सलग तासभरही झोप होत नाही.

न झोपलेलं लहान मूल रात्री आठला कसं करतं ते आठवा. कुत्रा तसंच करतो, फक्त त्याला दात आहेत. पायजम्याचा पाय धरणं, दोरीच चावत सुटणं, डोळे मोठे करून घरभर गरगर धावणं, हे ‘अजून पळवा’ असं सांगत नसतात. बहुतेक वेळा ते झोपेचं मागणं असतं.

आमच्याकडे आता दुपारी एक ते चार खारीची खोली बंद. पडदा अर्धा ओढलेला, पंखा सुरू, दारावरची बेल बंद, आणि चघळायला काहीतरी. पहिले चार-पाच दिवस तिने दाराशी कुरकुर केली, म्हणून मी आत तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसायचे. तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. कंटाळवाणं होणं हेच काम. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून आत जाऊ लागली आणि संध्याकाळचा धुमाकूळ तासावरून दहा मिनिटांवर आला. पळवण्यात काही बदल केला नव्हता, फक्त दुपार मिळाली.

फिरवताना नाक मोकळं ठेवा

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी काही लाख, तर कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी. विजेच्या खांबाशी तो पाच मिनिटं उभा राहतो तेव्हा पेपर वाचत असतो: कोण येऊन गेलं, कुठल्या बाजूला गेलं. आपण मात्र ‘चल चल’ करत ओढतो. मनसोक्त वास घेत रेंगाळलेला कुत्रा बऱ्याचदा नुसत्या पळालेल्या कुत्र्यापेक्षा जास्त शांत घरी येतो. पळण्याने अंग तापतं, वास घेण्याने निवतं.

म्हणून दिवसातली एक फेरी त्याची. दिशा त्याने ठरवायची, वेग त्याने ठरवायचा. मोकळं मैदान असेल तर पाच मीटरची लांब दोरी घ्या. दोरी ताणून ओढत असेल तर उलट ओढू नका. जागच्या जागी थांबा, दोरी सैल झाली की पुढे. पहिल्या दिवशी गेटपासून कोपऱ्यापर्यंत जायला आम्हाला अर्धा तास लागला होता आणि समोरचे आजोबा बाल्कनीतून बघत होते. लाज सोडावी लागते.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि ऊन पूर्ण उतरल्यावर बाहेर पडा. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे तळवेही भाजतील. गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दी असतात, त्यांच्या जेवणाच्या वेळा आणि जागा टाळा. समोरून टोळी आली तर पळू नका, कुत्र्याला आपल्या मागे घेऊन सावकाश वाट बदला.

चेंडूबद्दल माझं मत जरा कडवट आहे. तोच चेंडू पन्नास वेळा फेकल्याने कुत्रा शांत होत नाही, चेंडूवेडा होतो. पाच-सहा वेळा फेकून ठेवून द्या.

जेवण ताटलीत कशाला?

रोजच्या जेवणातला निम्मा भाग शोधून खायला लावा. जुना टॉवेल पसरून त्यावर कोरडं खाणं किंवा भाकरीचे तुकडे टाका आणि गुंडाळी करा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, रिकामी खोकी, चुरगळलेले कागद, सगळं चालतं. पुठ्ठा गिळत असेल तर मात्र हा खेळ नको. उन्हाळ्यात स्टीलच्या वाटीत बिनसाखरेचं दही गोठवून द्या, चाटण्यात अर्धा तास जातो. शिजवलेली हाडं कधीही नाही, त्यांच्या फाका होऊन आतडं फाटू शकतं.

शिकवण्याचे धडे तीन ते पाच मिनिटांचे, दिवसातून तीन-चारदा. बक्षीस हरभऱ्याएवढं: उकडलेलं चिकन, पनीर, गाजर. मारणं, ओरडणं, शू केलेल्या जागी नाक घासणं यातून कुत्रा एवढंच शिकतो की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग तो सोफ्यामागे जातो.

शब्द मात्र घरात एकच ठरवा. आमच्याकडे मी ‘बस’ म्हणायचे, नवरा ‘सिट’ आणि आई ‘बैस गं बाई आता’. खारी तिघांकडे आळीपाळीने बघायची. शेवटी फ्रिजवर कागद लावला: बस, थांब, सोड, ये. आईचं अजूनही ‘बैस गं बाई’च आहे, पण ती वेगळी आज्ञा म्हणून खारीने पाठ केलीय.

अंगावर उड्या आणि दात

उडी मारली की पाठ फिरवा, हात छातीशी, तोंडातून शब्द नाही. चारही पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी लाड. ‘नको, नको’ म्हणत ढकलणं त्याला खेळच वाटतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर शिकेपर्यंत वाट पाहू नका. दार उघडताना कुत्र्याला दोरी लावून ठेवा. आईचं नऊवारी लुगडं दोनदा फाटल्यावर आम्हाला हे सुचलं.

साधारण सात महिन्यांपर्यंत दात येण्याचा काळ असतो, चावायला काहीतरी द्यावंच लागतं. त्यानंतरचं धरणं-चावणं बहुतेक थकव्याचं. घड्याळ बघा, किती तास जागा आहे ते मोजा.

एकटं राहणं

सुट्टी काढून पंधरा दिवस चोवीस तास सोबत आणि सोळाव्या दिवशी सगळे ऑफिसला, असं करू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कचरा टाकून येण्याइतकी गैरहजेरी सुरू करा. दोन मिनिटं, पाच, पंधरा. जाताना निरोपाचा सोहळा नको, आल्यावरही नको. मोबाइल लावून चित्रण करा. थोडं भुंकून झोपला तर ठीक. सतत धापा, लाळ, दार ओरबाडणं दिसलं तर वेळ कमी करा आणि मदत घ्या.

सोसायटी

पाळीव कुत्र्याला सोसायटीने बंदी घालू नये, लिफ्ट नाकारू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तो कागद खिशात असू द्या, पण पहिल्या दिवशी बाहेर काढू नका. विष्ठा स्वतः उचला, लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीने जा. आमच्या इमारतीत कागदापेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

दीड-दोन महिन्यांनी

या सुमाराला ‘बिघडला’ असं वाटतं. शिकलेलं विसरतो, हाक मारली तर ऐकत नाही. एक तर आता भीती गेल्याने खरा स्वभाव दिसतोय, आणि सहा ते अठरा महिने हे वय टगेपणाचंच. नवं काही शिकवू नका, जुनंच सोपं करून घ्या, झोपेचा हिशेब पुन्हा तपासा.

खाताना जवळ गेल्यावर गुरगुरत असेल, अंग ताठ करत असेल, तर मात्र गुरगुरण्याबद्दल ओरडू नका. ती आगाऊ सूचना आहे आणि ती बंद केली तर पुढच्या वेळी सरळ दात लागेल. अशा वेळी पशुवैद्य आणि मग चांगला प्रशिक्षक गाठा. ‘दोन दिवसांत सरळ करतो’ म्हणणारा, साखळीला झटके देणारा नको. दात लागून रक्त आलंच, तर कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. जाताना कुत्र्याचं लसीचं कार्ड सोबत न्या, ते तिथे पहिल्यांदा विचारतात.