आजोबांच्या संदुकीतली अनोळखी वस्तू ओळखताना या चुका टाळा

आजोबांची लोखंडी संदूक उघडली तेव्हा अडकित्ता, चुनाळू, छटाकाचं वजन लगेच ओळखू आलं. तळाशी मात्र कळकट फडक्यात बांधलेल्या दोन पितळी टोप्या निघाल्या. बोटभर लांब, एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळत्या, टोकाला मण्यासारखी गाठ. कोणी म्हणालं दिव्याचं झाकण, कोणी म्हणालं पालखीच्या दांड्याचं टोक.

मी आधी एक टोपी चिंचेनं घासून लख्ख केली. हीच सगळ्यात महाग पडणारी चूक. चिंचेचं आम्ल धातूवर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर काढून टाकतं, तो परत येत नाही. त्याहून वाईट म्हणजे आतली घाण गेली. न घासलेल्या टोपीच्या आत राळेसारखा तपकिरी लेप होता आणि त्याला शिंगाचा पातळ पापुद्रा चिकटलेला. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तो नखानं चाचपला आणि म्हणाले, "अरे बावा, ह्या त बैलाच्या शेंब्या होय. पोळ्याले शिंगाले बसवत." घासलेलीत तो पुरावा उरलाच नव्हता. तेव्हा आधी कोरडा मऊ ब्रश, तोही बाहेरूनच. आतल्या घाणीला हात लावू नका.

वाटणीत "एक तुला, एक मला" करून जोडी फोडू नका. एकटी शेंबी कोणालाच कळली नसती. वस्तू संदुकीत कशाशेजारी, कोणत्या फडक्यात होती, हे उचलण्याआधी मोबाइलमध्ये टिपा. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. आतून आणि बुडाकडून वेगळे फोटो काढा.

लोहचुंबक चिकटला नाही म्हणून सोनं-चांदी समजू नका. पितळ, तांबं, कासं, शिसं, कशालाच तो चिकटत नाही. चिकटला तर आत बहुधा लोखंड आहे, वरचा पिवळेपणा मुलाम्याचा असू शकतो. भरीव वस्तूचं ग्रॅममधलं वजन करा, ती काठोकाठ भरलेल्या पाण्यात सोडा आणि सांडलेल्या पाण्याच्या मिलीलीटरनं भागा. पितळेला भागाकार साधारण 8.5 येतो, चांदीला 10.5, शिशाला 11.3, सोन्याला 19.3. पोकळ वस्तूत हवा अडकली तर आकडा कमी येतो. आत लेप असेल तर हा प्रयोग नकोच. हा साधा काटा आणखी एक गोष्ट सांगतो: अनोळखी ठोकळा 58, 117 किंवा 233 ग्रॅमच्या आसपास भरला, तर बहुधा तो छटाक, अदपाव किंवा पावशेराचं वजन आहे. मेट्रिक वजनांचा कायदा 1956 चा, तेव्हा ते बहुधा त्या सुमाराचं किंवा आधीचं.

फिकट हिरवी भुकटी पुसली तरी पुन्हा येत असेल तर तांब्याचं गंजणं चालूच आहे. ती वस्तू वेगळी काढून कोरड्या डब्यात ठेवा.

तांब्याचं जुनं भांडं तांदूळ ओढतं, त्याचे कोट्यवधी मिळतील, असं सांगत कोणी आलं तर दारातूनच परतवा. 'राइस पुलर' ही निव्वळ फसवणूक आहे. आधी "तपासणी"चे पैसे मागतात, मग माणूस सापडत नाही.

पितळी नळकांडं बंद तोंडाचं असेल, बुडाशी गोल टिकली असेल, तर ते जिवंत काडतूस किंवा तोफगोळ्याचा भाग असू शकतो. हलवू नका, ठोकू नका, मुलांना दूर करा आणि 112 ला फोन लावा. बाकीचे सगळे नियम याच्यानंतर.

विकायचा विचार असेल तर शंभर वर्षांहून जुन्या धातूच्या वस्तूला 1972 चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ओळखायला मदत हवी तर नागपूरचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासून आहे. पण मी तरी आधी गावातल्या सत्तरीपुढच्या शेतकऱ्याकडे आणि भंडाऱ्याकडच्या एखाद्या जुन्या कासाराकडे जाईन. वस्तू हातात घेऊन वापरलेली किंवा घडवलेली माणसं तीच.