गूगॉल समजून घेताना या चुका टाळा

मुंबईतल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू झाली की गणिताच्या तक्त्यांवर गूगॉल हा शब्द येतो, आणि त्याच्यासमोर पुष्कळदा ‘म्हणजे अनंत’ असं लिहिलेलं असतं. सगळ्यांत आधी हे खोडा. गूगॉल म्हणजे एकावर शंभर शून्यं, आणि त्यात एक मिळवला की त्याहून मोठी संख्या तयार. अफाट आणि अनंत यांतला हाच फरक दाखवायला अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड कॅसनर यांना एक नाव हवं होतं. १९२०च्या सुमारास त्यांच्या नऊ वर्षांच्या भाच्यानं, मिल्टन सिरोटानं, ते सुचवलं. एवढ्या मोठ्या संख्येचं बारसं एका लहान मुलानं केलं, हे तक्त्यावर यायलाच हवं!

गूगल या सर्च इंजिनावरून हा शब्द आला असंही काही मुलं लिहितात. खरं उलट आहे. कंपनी १९९८ची, आणि तिचं नाव म्हणजे गूगॉलचंच बदललेलं स्पेलिंग.

घात लिहिताना जपा. दहाचा शंभरावा घात म्हणजे गूगॉल. शंभराचा दहावा घात लिहिलात तर वीसच शून्यं उरतात. आपल्या परार्धालाही गूगॉल म्हणू नका, परार्धावर सतराच शून्यं असतात.

आता कॅल्क्युलेटर. दादरच्या बसस्टॉपवर ७० माणसं उभी आहेत, त्यांची रांग किती वेगवेगळ्या क्रमांनी लावता येईल? हे गणित मुलांना जरूर द्या. उत्तर ७० फॅक्टोरियल (१ ते ७० या सगळ्या संख्यांचा गुणाकार), म्हणजे साधारण १.२ गूगॉल. रोजच्या रांगेत गूगॉल दडलेला असतो, हे कळल्यावर ती संख्या परकी राहत नाही. पण साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ६९ फॅक्टोरियल येतं आणि ७० टाकताच एरर दिसते. मशीन बिघडलेलं नसतं. बहुतेक कॅल्क्युलेटरांची मर्यादा गूगॉलच्या जरा अलीकडेच संपते. अशा वेळी ६९ फॅक्टोरियलचं उत्तर घ्या आणि ७०नं कागदावर गुणा.

शेवटची चूक गूगॉलप्लेक्सची. तो गूगॉलच्या दुप्पट किंवा शंभरपट नव्हे, एकावर गूगॉल इतकी शून्यं. तो घातांकातच लिहा. दिसणाऱ्या विश्वातले अणू सुमारे दहाचा ऐंशीवा घात इतके आहेत. प्रत्येक अणूवर एक शून्य लिहिलं तरी ती सगळी शून्यं मावणार नाहीत.